बोल्टवरची लाल रेघ

सर्व्हिस सेंटरमधून लेकीची गाडी परत आली तेव्हा तिच्यातून अत्तराचा वास येत होता. मला पहिली शिसारी आली ती त्या वासाची. गाडीला गाडीचा वास यावा. थोडं तेल, थोडं रबर, मागच्या सीटवर नातीने सांडलेलं दूध. या लोकांनी त्यावर कसलातरी गोडमिट्ट फवारा मारला होता, पायाखाली कागद अंथरला होता आणि आरशाला पुठ्ठ्याची पट्टी लटकवली होती. 'आपली गाडी आम्ही आमचीच समजून जपली', असं तिच्यावर छापलं होतं. वाचून तोंड आंबट झालं.

लेक म्हणाली, बघा बाबा, किती चकाचक केली. डोळ्यांसमोर कोणी ताटात माशी वाढावी आणि वर कौतुकही मागावं, तसं माझं झालं होतं.

मी एकतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक गाडीचं तेल, फिल्टर, ब्रेक, सगळं माझ्या हातचं. शोरूमच्या गॅरेजात गाडी नेणं म्हणजे घरी विहीर असताना बाटलीतलं पाणी विकत आणणं, असं मी चारचौघांत सांगत आलो. डेपोतली एक सवय मी कधी सोडली नाही. नट आवळला की नटावरून शेजारच्या लोखंडावर एक लाल रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ मोडते. रेघ सलग असेल तर समजावं, इथे कोणाचा पाना लागलेला नाही. डेपोत यासाठी रंगाचा डबा असायचा. घरी बायकोची नेलपॉलिशची बाटली आहे. तिने ती कधी परत मागितली नाही.

लेक डोंगरावरच्या वसाहतीत राहते. रोज सकाळी वळणावळणाचा उतार उतरून नातीला, आमच्या चिमणीला, पाळणाघरात सोडते आणि मग दवाखान्यात कामावर जाते. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गाडीच्या पुढच्या चाकांना मी नवे ब्रेक पॅड घातले. काही आठवड्यांनी ती म्हणाली, ब्रेक दाबला की डावीकडून खट् असा आवाज येतो. मी म्हणालो, रस्ता वाईट आहे. ती पुन्हा म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, तुझे कान फार तिखट झालेत. तिसऱ्यांदा ती मला काही बोललीच नाही, सरळ गाडी घेऊन शोरूमला गेली. ते मला जिव्हारी लागलं होतं, हे कबूल करतो. म्हणूनच त्या दिवशी मी त्यांचं तपासणीचं कार्ड चष्मा लावून वाचायला बसलो.

चाळीस चौकोन आणि चाळीस खुणा. सगळ्या खुणा एका झटक्यात, एकाच कलाने मारलेल्या. अकराव्या ओळीत लिहिलं होतं, पुढची दोन्ही चाकं काढून ब्रेक तपासले.

मी गाडीजवळ उकिडवा बसलो. डाव्या चाकाच्या पाचही नटांवर माझ्या पाच लाल रेघा जशाच्या तशा होत्या. उजवीकडेही तेच. या लोकांनी चाक काढलंच नव्हतं. गाडी धुतली, अत्तर मारलं आणि बसल्या जागी खुणा केल्या.

"आवाज गेला का?" मी विचारलं.

"काल गाडी घरी नेताना नव्हता," लेक म्हणाली. "आज तुमच्याकडे येताना शेवटच्या वळणावर आला."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिथे गेलो. भांडू नका, असं तिने वाटेत तीनदा सांगितलं. मी म्हणालो, भांडायचं कशाला, नुसतं दाखवायचं. नेलपॉलिशची बाटली मी पुरावा म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली होती.

त्या जागेबद्दल काय सांगू. वर्कशॉप असून कुठे तेलाचा डाग नाही. मऊ सोफे, कॉफीचं यंत्र, काचेची भिंत, आणि काचेपलीकडे गाड्या अशा उंच उचललेल्या की लांबून कौतुक करावं आणि आत काय चाललंय ते दिसू नये. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो असा. आमच्याशी बोलायला टाय लावलेला एक तरुण आला. त्याची नखं इतकी स्वच्छ होती की मला किळस आली. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाची नखं अशी नसतात.

मी त्याला रेघा दाखवल्या. तो हसतच म्हणाला की आमच्या माणसाने नट पुन्हा अगदी त्याच जागी बसवले असतील. मी म्हणालो, दहाच्या दहा नट, केसभरही इकडेतिकडे न होता? असा हात असेल तर मला त्याच्या पाया पडू द्या. सोफ्यावरच्या माणसांनी फोन खाली ठेवले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी म्हणालो, चाक आत्ता काढा, माझ्या डोळ्यांदेखत. गिऱ्हाइकांनी पिवळ्या पट्ट्याच्या आत यायचं नाही, असं तो सांगेपर्यंत मी आत पोचलो होतो.

लिफ्टजवळचा मेकॅनिक पन्नाशीला टेकलेला होता. काळी नखं, पिकलेली मिशी. त्याने काही न विचारता गाडी वर घेतली आणि नटाला पाना लावला. नट कुरकुरला, माझी रेघ मोडली आणि लाल कपची खाली पडली. मी चाकाकडे बघत नव्हतो, टायवाल्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा चेहरा पडताना मला बघायचा होता.

"काका," मेकॅनिक म्हणाला, "जरा इकडे या."

ब्रेक पॅड ज्या लोखंडी जबड्यात बसतात, त्याला कॅलिपर म्हणतात. तो दोन बोल्टांनी धरलेला असतो. वरच्या बोल्टवरची माझी रेघ सरळ होती. खालच्या बोल्टवर अर्धी रेघ एकीकडे आणि लोखंडावरची उरलेली अर्धी भलतीकडे. मेकॅनिकने त्याला पाना लावलाच नाही. दोन बोटांत धरून फिरवला आणि बोल्ट त्याच्या तळहातावर आला. शेवटच्या दोन आट्यांवर तो कसाबसा लटकून होता.

"हा कोणी आवळला होता?"

कोणीच आवळला नव्हता. मला तो दिवस स्वच्छ आठवला. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे शेजारी, बँकवाले, बाजूला उभे होते आणि मी त्यांना गॅरेजवाल्यांची लबाडी समजावून सांगत होतो. हे लोक काम न करता खुणा मारतात, मी म्हणत होतो, आमची रेघ म्हणजे आमचा शब्द. असं म्हणत म्हणत, हाताने नुसत्या अडकवलेल्या बोल्टवर मी झोकात रेघ ओढली होती. बँकवाल्यांनी मानही डोलावली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मघाशी टायवाल्याच्या नखांची आलेली किळस आता माझ्याच हातांची येत होती.

टायवाला एकदम टवटवीत झाला. सर, बाहेर काम केलं की असंच होतं, असं त्याने सुरू केलं. मेकॅनिकने त्याला मध्येच तोडलं.

"चाक काढायला मला कोणी सांगितलंच नव्हतं. कार्ड माझ्याकडे खुणा करूनच आलं."

लेक पिवळा पट्टा ओलांडून कधी आली ते मला कळलं नाही. तिने बोल्ट मेकॅनिकच्या हातातून घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"मागे चिमणी बसते, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी मेकॅनिककडे पान्यासाठी हात पुढे केला. "दे, मी घालतो."

"तुम्ही नाही." मग ती टायवाल्याकडे वळली. "आणि तुम्हीही नाही." तिने मेकॅनिकच्या हातातला पाना घेतला आणि त्यालाच विचारलं, "आवळायला कुठल्या बाजूला फिरवायचं?"

सात-आठ वर्षांची असताना ती माझ्या जॅकशेजारी उभी राहून हेच विचारायची. हात घाण होतील, आत जा, असं मी सांगायचो. ती आत जायची.

मेकॅनिकने दाखवलं. तिने बोल्ट बसवला, आवळला, पूर्ण वजन टाकून आवळला. त्याने तपासून मान हलवली. मग माझ्याकडे न बघता तिने हात पुढे केला आणि मी खिशातली बाटली तिच्या हातावर ठेवली.

तिने झाकण उघडलं. मग बाटली खाली ठेवली, पाना पुन्हा उचलला आणि रेघ ओढण्याआधी बोल्ट आणखी एकदा आवळून पाहिला.