टाकीला नेसवलेली काळी साडी

अवधपुरीतल्या संपदाच्या हॉलमध्ये माशांची, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, आणि तिच्यातले प्रवाळ मरायला टेकले होते. वाळूवर, खडकांवर बुळबुळीत तपकिरी तंतू लोंबत होते, त्यांत बुडबुडे अडकलेले. संपदानं माहेरच्या वळणाप्रमाणं स्वच्छतेचा सपाटा लावला. पाणी बदल, खडक घास, पुन्हा पाणी बदल. शेवाळ खायला आणलेल्या गोगलगायी मेल्या, तंतू मात्र दुपार झाली की हजर!

"फेक ना हे झंझट," नवरा शैलेंद्र म्हणाला. "रविवारी हळदीकुंकू आहे. ताई काय म्हणेल?"

ताई म्हणजे प्रतिभा, संपदाची नणंद. राहायची इंद्रपुरीत, पण भावाच्या घरातली धूळ तिला तिथूनही दिसायची.

संपदा इरेला पेटली. तिनं थोडे तंतू बाटलीत घेऊन खळखळून हलवले, मलमलीतून गाळले आणि पाणी उजेडात ठेवलं. स्वयंपाक उरकेपर्यंत त्या गाळलेल्या पाण्यात तंतू पुन्हा जमले होते. साधं शेवाळ असं सुटं होऊन गाळणीतून निसटत नाही, पुन्हा जुळतही नाही. हे एकपेशीय जीव होते, अतिस्वच्छ, उपाशी पाण्यात माजणारे. म्हणजे आपणच यांना पोसत होतो! तिला स्वतःचा असा संताप आला की तिनं घासणी कचऱ्यात भिरकावली. पाणी बदलणं बंद. माशांना खाणं थोडं जास्त. आणि काही दिवस टाकीत ठार अंधार. त्यासाठी तिनं दिवे मालवून संक्रांतीची काळी साडीच टाकीभोवती गुंडाळली.

रविवारी प्रतिभा आली ती थेट टाकीकडे. "काय नाटक आहे हे? काळं आपण नेसायचं की टाकीनं? बघू तरी आत." तिनं पदर ओढायला घेतला.

संपदानं तिचं मनगट धरलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वळून बघू लागल्या.

"वन्सं, आत जीव आहेत. उजेड लागला तर सगळं वाया जाईल."

"माझ्याच भावाच्या घरात मला मनाई?"

"टाकी माझी आहे. तिळगूळ घ्या," संपदा म्हणाली. पुढचे दोन शब्द तिनं मुद्दाम गिळले.

काही दिवसांनी साडी उतरवली तेव्हा वाळू बरीचशी पांढरी झाली होती. मिटून बसलेल्या प्रवाळानं बोटं बाहेर काढली होती. संपदाला रडूच फुटलं.

शैलेंद्रही वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "कोपऱ्यात अजून थोडं आहे. आता तरी पाणी बदलून चकाचक करू या?"

"नाही," डोळे पुसत संपदा म्हणाली. "या घरात आता थोडी घाण राहणार. ताईंनाही कळवून टाक."