दादाचा लाल खडू

माझा दादा जुन्या गाड्या तपासून द्यायचा. कागदबिगद काही नाही, खिशात दोन खडू. गाडीखाली सरपटत जायचा आणि दोष दिसेल तिथे फुली मारायचा. पांढरी फुली म्हणजे खर्च, लाल फुली म्हणजे जीव. गिऱ्हाइकाने गाडीभोवती एक चक्कर मारायची आणि काय ते समजायचं. त्या गॅरेजचा ग्रीसचा आणि रबराचा वास अजून माझ्या नाकात आहे.

आमच्या ह्यांना गाडी घ्यायची होती. दलालाने दोन आणल्या, एकाच किमतीच्या. दादाने दिवसभर खपून त्या पाहिल्या. हिरवीवर अकरा पांढऱ्या फुल्या पडल्या: गंजलेलं दार, तडकलेला दिवा, फाटक्या सीटा, काळा धूर आणि काय काय. निळीवर एकच, पुढच्या डाव्या चाकाच्या आत. लाल.

हे बोटाने फुल्या मोजत फिरले. "अकरा आणि एक. यात विचार कसला करायचा?"

"मोजू नका, जावईबापू. रंग बघा." दादाने ते चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. आतून कटकट आवाज आला. "सांधा संपलाय. आणि तो जिथे बसतो ते लोखंडच चिरलंय. वरून जोड देऊन रंग फासलाय. नवा सांधा बसवू कशात? हिरवी रोज कुरकुर करेल, पण घरी आणेल. ही एकदाच बोलेल."

"हिरवी खपवायची आहे, असं सरळ सांगा ना! किती चारले तुम्हाला?"

दादा हसला. "चारले असते तर माझं पोट तुमच्याएवढं नसतं झालं?"

दलालही हसला. तेच नडलं. शेजारी चाकाचे नट खोलायचा लांब पाना पडला होता. ह्यांनी तो उचलला आणि दादाच्या तोंडावर घातला. दादा गुडघ्यांवर बसला. ओंजळीत रक्त आणि त्यात दोन दात. त्याने उठून खिशातला लाल खडू काढला आणि निळीच्या टपावर, सगळ्यांना दिसेल अशी, आणखी एक फुली मारली. ह्यांनी ती बाहीने पुसली, पाना मागच्या सीटवर टाकला आणि निळीच घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर छकुली पुढच्या सीटवर बसलेली. पाच वर्षांची माझी पोर, डाव्या बाजूला, मांडीवर बाहुली.

"आजीकडे चाललोय," हे म्हणाले.

"अहो, तिला नका नेऊ. तुम्ही एकटे जा."

"भावाची पोपटपंची पुरे! तुझ्याही तोंडावर फुली काढू का?"

आणि काढलीच. सात वर्षांत मला थपडांची सवय झाली होती. गाल पुसायचा आणि कामाला लागायचं. त्या दिवशी मी गाल पुसला नाही. दार उघडून छकुलीला पायाला धरून ओढलं आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंच्या अंगावर ढकललं. "आत न्या हिला, कडी लावा!"

ह्यांनी माझे केस धरून डोकं बॉनेटवर आपटलं. एकदा, दोनदा. मी सुटले ती मागच्या दाराकडे धावले. पाना हाताला लागला. त्यावर दादाचं रक्त वाळलं होतं. मी पुढची काच फोडली, दिवे फोडले, आरसा उडवला. काच फुटताना जो आवाज होतो ना, तो मला त्या दिवशी गोड लागला. खोटं कशाला बोलू? मग ह्यांनी माझं मनगट धरलं आणि काडी मोडावी तसं पिळलं.

"माहेरी जा त्या बोळक्याकडे!" असं ओरडून ते काचांच्या चुऱ्यावरच बसले आणि तशीच गाडी हाणली. रागात आमच्या रस्त्याचा उतार त्यांना दिसलाच नसेल. खालच्या वळणावर पाण्याच्या टाकीची दगडी भिंत होती. मी मनगट छातीशी धरून उभी होते. आधी कट असा आवाज आला, मग भिंतीचा.

धावत गेले तर डावं चाक गाडीखाली आडवं पडलेलं. डावी सीट भिंतीने चेपून पार डिक्कीपर्यंत नेली होती, मध्ये बाहुलीचा एक पाय. स्टिअरिंग ह्यांच्या छातीत रुतलं होतं, पण डोळे उघडे होते.

"छकुली?" त्यांनी विचारलं. बाकी काही नाही.

"काकूंकडे आहे," मी म्हणाले.

मान हलवली त्यांनी. दुपारी गेले. पुढची कितीतरी वर्षं दादा ओठ मिटूनच हसायचा. आता तोही नाही.

काल छकुलीची लेक मोबाईल घेऊन शेजारी बसली. तिला जुनी गाडी घ्यायची आहे.

"आजी, तपासणीचा रिपोर्ट आलाय. हिच्यात नऊ वॉर्निंग आहेत, त्या दुसरीत दोनच. दुसरीच घेते."

माझं वाकडं मनगट ठणकलं. "मोजू नकोस गं," मी म्हणाले. "त्या दोन कसल्या, ते वाच. मोठ्याने वाच. आधी चाकांचं."