पुलाची फट

“ऊन पडायच्या आत दोरी लावायची. एकदा का लोखंड तापलं, की पूल खोटं बोलायला लागतो.”

नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा आवाज रोज पहाटे तिच्या उशाशी येई. तो पुलाचा राखणदार होता. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, की नदीच्या तळाखालून जमिनीला खोल भेग गेलीय. अलीकडचा काठ एका जमिनीवर, पलीकडचा दुसरीवर, आणि दोन्ही मुंगीच्या पावलानं एकमेकींना घासत सरकताहेत. म्हणून पुलाच्या मध्यावर चार बोटांची फट मोकळी सोडलीय. जमीन हलली तर पुलालाही अंग हलवायला जागा हवी. ती फट बुजू द्यायची नाही. फटीच्या दोन्ही बाजूंचे कठडे एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून बघायचं. तीन बोटांचा फरक पडला, की खात्याला कळवून पूल बंद करायचा.

त्याच्या मागं ती जागा कुणी भरली नाही. मग तिनंच नेम धरला. तोंडात पाण्याचा घोट न घेता ती पुलावर जाई, दोरी ताणून बांधी, फरक बोटांनी मोजी, हात जोडी आणि परते. गावानं तिला ‘पूलवाली’ करून टाकलं.

“काय पूलवाली, रात्री झोप लागली का तुझ्या पुलाला?” दूधवाला सायकलवरून जाता जाता विचारी. ती हसे. चेष्टेनं का होईना, घरातून निघाल्यावर कुणीतरी बोललेलं असे.

दुपारी मात्र ती पूल ओलांडून लेकीकडे जाई. लेक शेतात गेली, की रांगत्या नातीला सांभाळी. दिवसभरात तेवढे दोन तास तिच्या घशाला काम असे. एरवी घरात भांडं पडलं तरी तीच दचके आणि तीच उचली.

एकदा अशीच संध्याकाळी परतली, तर पुलाच्या मध्यावर चार माणसं उभी, आणि तिचा दीर थापीनं सिमेंट चोपतोय. दीर गवंडी. त्याच्या हाताची भिंत म्हणजे आरसा, असं सगळे म्हणत.

“भाऊजी, हे काय करताय?”

“रस्ता करतोय. फट कसली ती, दात पडल्यासारखी? दुधाचे कॅन आपटतात, ट्रॉलीचे पाटे मोडतात. फुकट काम आहे वहिनी, सिमेंट घरचं.”

“ती मुद्दाम ठेवलीय.”

“मुद्दाम भोक ठेवणारा गवंडी मी तरी अजून बघितला नाही.”

सगळे खो खो हसले. दूधवाला म्हणाला, “पूलवाली, आता झोप येईल बघ त्याला, दुलई घातली आपण.” तिनं परत सांगून पाहिलं, पण तिचा आवाजच मुळात हळू. तो हसण्याखाली बुडाला.

तेराव्या दिवशी पहाटे तिनं दोरी लावली आणि तिचा हात थांबला. ती तडक दिराच्या दारात गेली.

“भाऊजी, दोरीचं एक टोक धरायला या.”

“एवढ्या पहाटे?”

“ऊन पडायच्या आत.”

तो कुरकुरत आला. वाकून त्यानं आधी आपलं काम पाहिलं. सिमेंटला या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत तिरपा तडा गेला होता. एक तुकडा पुढं ढकलला गेला होता, दुसरा मागं राहिला होता. त्यानं तड्यात नख घातलं.

“वहिनी, माझ्या मालाला तेरा दिवसांत तडा जात नाही.”

“माल चांगलाच आहे, भाऊजी. जमीन सरकली.”

तो दोरीला डोळा लावून बराच वेळ बसला. भिंती सरळ करण्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्याला बोटं मोजायची गरज नव्हती. तरी त्यानं मोजली. तीन भरून वर थोडं होतं.

“गप्प बसा,” शेवटी तो म्हणाला. “कुणाला सांगू नका. पूल बंद झाला तर डोंगराला वळसा, वरच्या उथळ उतारातून नदी ओलांडायची. सगळा दिवस जातो. गाव तुम्हाला दारात उभं करणार नाही. आणि लेकीकडे कशा जाल?”

ती दोरी गुंडाळू लागली. दुपारी तिनं नातीला मांडीवर घेतलं आणि लेकीला सगळं सांगितलं.

“आई, तू नको सांगूस ना,” लेक म्हणाली. “कधी तरी कुणी दुसरं सांगेल.”

“दुसरं कोण दोरी लावतं?”

“मग माझं काय? हिला कुणाकडे ठेवू? आणि तू तिकडे एकटी भिंतीशी बोलत बसणार.”

“आठ दिवसांतून एकदा येईन.”

“त्या वळशानं? या वयात?”

“येईन म्हटलं ना.”

लेकीनं मूल तिच्या मांडीवरून उचललं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला खात्याच्या कचेरीत गेली. इंजिनिअर बाई तरुण होती. तिनं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी यंत्रं घेऊन आली. मोजून झाल्यावर ती दिराला म्हणाली, “पूल दोन्हीकडून जखडलाय तुम्ही. मोठा हादरा बसला असता, तर तुळई खांबावरून उतरली असती. आधी हे फोडा. मग तुळईखालच्या बैठका बदलेपर्यंत माणसांनाही बंद.”

“किती दिवस?”

“वर्ष. जास्तही लागेल.”

दीर दोन दिवस छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःचंच काम फोडत बसला होता.

नंतर गावच तिच्याशी बोलेनासं झालं. पूल तर जागच्या जागी उभा, पहिल्यासारखा धडधाकट. हादरा नाही, काही नाही. “पडला का? पडायचा तर पडून दाखव म्हणावं,” दूधवाला तिच्या दारावरून जाताना दुसऱ्याच कुणाला तरी ऐकवी. पूल पडत नव्हता, तोवर ती खोटी. आणि तो पडू नये, म्हणून ती रोज हात जोडत होती. नळावर ती गेली की बायकांचं बोलणं थांबे. चेष्टासुद्धा संपली. आता उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिला कुणी हाकही मारत नव्हतं.

पूल बंद झाल्याच्या आठव्या दिवशी तांबडं फुटताना दीर दारात आला. बऱ्याच दिवसांनी आला म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“लेकीकडे निघालात?”

“हो.”

“पुलावरून जा, वहिनी. पहाऱ्याला कुणी नाही. तुमच्या एकटीच्या वजनानं काय होणार आहे त्याला?”

“काहीच नाही होणार.”

“मग?”

“मी गेले, तर उद्या दूधवाला जाईल. परवा कुणाचा ट्रॅक्टर. तेव्हा मी कोणत्या तोंडानं अडवू?”

दिरानं डोंगराकडे पाहिलं. “मी सोबत येऊ?”

“तुमचं काम पडलंय. जा तुम्ही.”

तिनं भाकरी पदरात बांधली, दाराला कडी घातली. पुलाच्या तोंडाशी आडवे बांबू लावलेले होते. त्यांच्यामागं रिकामा पूल थेट पलीकडच्या काठापर्यंत गेला होता, आणि तिथं लेकीच्या चुलीचा धूर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. ती क्षणभर थांबली. मग पदर कमरेला खोचला आणि डोंगराच्या वाटेला लागली.