खरं सांगा, काय काय दिलंत?

चंद्राबाईची डॉक्टरकी अख्ख्या गुंजवण्यात चालायची. ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या फडताळातल्या डब्यात. चांगलं औषध संपवून टाकायचं म्हणजे तिला उधळपट्टी वाटायची. मग कुणाचं लेकरू फणफणलं की एक पांढरी, कुणाची दाढ ठणकली की अर्धी लाल. फी नाही, पण मान केवढा!

आणि आता तिचीच चार वर्षांची नात राजनंदिनी भोरच्या दवाखान्यात पडली होती. ताप, उलट्या, मान लाकडासारखी ताठ. मेंदूच्या आवरणाला सूज आलीय, असं शेफाली डॉक्टरांनी सांगितलं. पाठीतलं पाणी तपासायला गेलं, इंजेक्शनं सुरू झाली. दोन दिवस झाले तरी ताप हटेना.

"पाण्यात पू दिसतोय, पण तपासणीत जंतू काही उगवला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी अर्धवट औषध पोटात गेलं की असं होतं. आणि त्यातून वाचलेला जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. खरं सांगा, काय काय दिलंत?"

"काय बी न्हाई. हळद-दूध," चंद्राबाई ठासून म्हणाली. समोर सून सरोज उभी होती. सहा वर्षं जिला अक्कल शिकवली, तिच्यापुढं नाक कापून घ्यायचं? छट्!

तेवढ्यात शेजारची साळूबाई भेटायला आली. पोरीकडं बघून तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चंद्राक्का, तुझी ती पांढरी गोळी हिला लागू पडली न्हाई व्हय गं? आमच्या नातवाला तर लई गुण आला व्हता."

चंद्राबाई खोकली. डोळे मिचकावले. पण खुणा कळतील तर ती साळूबाई कसली!

"डोळ्यात काय गेलं गं?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. पोरगी झोपेतच कण्हली, "आज्जी..." चंद्राबाईनं तिचा तापलेला हात धरला. मेलं ते नाक!

"दिल्या बाई. सकाळ-सांज अर्धी अर्धी, दोन दिस. ताप उतरला म्हणून थांबवल्या. माज्याच हातानं दिल्या."

आता सून तोंड सोडणार म्हणून तिनं मान खाली घातली. पण सरोज पदर चुरगाळत पुटपुटली, "आत्या, म्या बी दिल्या. तीन. माज्या आईनं कामथडीहून धाडलेल्या. तुमी रागं भराल म्हणून चोरून दिल्या."

"आँ?"

सरोजचा नवरा हनुमंत हळूच दाराकडं सरकला.

"तू कुठं चाललास रं?" चंद्राबाईनं लेकाला हटकलं.

"शिरप, आये. नसरापुरातनं आणलेलं. दोनच चमचे. तुमा दोघींच्या चोरून."

"अजून कोणी?" डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांनी साळूबाईकडं बघितलं.

"अगं बया! म्या नुसता अंगारा लावला!"

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चंद्राबाईनं गोळीचं नाव, रंग, वेळ घडाघडा सांगितली. त्याच तासाला जोडीला दुसरं, जालीम इंजेक्शन सुरू झालं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोरीनं डोळे उघडले आणि सलाइनच्या नळीला शिव्या घातल्या. डॉक्टर म्हणाल्या, "अजून दहा दिवस इंजेक्शनं. एकही चुकवायचं नाही."

"व्हय!" तिघं एकदम म्हणाली.

चंद्राबाईला रडू आवरेना. "सरोज, आता म्या काय करू गं?" सहा वर्षांत पहिल्यांदाच तिनं सुनेला काही विचारलं.

"काय बी करू नका, आत्या. नुसतं बसा तिच्यापाशी."

काही न करता बसणं चंद्राबाईला जन्मात जमलं नव्हतं. ती बसली.