नखाखालचं हिरवं

नखात सालीचा एक धागा अडकला होता, केसाएवढा, तपकिरी — आणि त्यात कुठे हिरवं दिसतंय का ते बघता बघता दप्तर खांद्यावरून घसरून कोपरात आलं, तरी ती बोट डोळ्यांपासून दूर नेईना.

कागदाचं झुडूप. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या काठ्या उरायच्या, आणि मग त्या बोडक्या काठ्यांनाच पिवळे गेंद लटकायचे. याचीच साल सोलून, उकडून, कुटून बाबा कागद करायचे... प्रत्येक फांदीला बरोब्बर तीन फाटे. "आपलंच घर हे, तिघांच्या पुढे मोजताच येत नाही याला!" म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. उन्हाळ्यात बाबा गेले. आईने कागदाच्या शेडला कुलूप लावलं, भिंतीकडे तोंड करून पडली आणि एवढंच म्हणाली, "झुडपाला फुलं आली ना, की उघडीन."

एवढंच! म्हणजे सगळं त्या काठ्यांवर येऊन पडलं. फांदी जिवंत आहे का बघायचं तर साल नखाने जराशी खरवडायची, खाली हिरवं असलं की जीव आहे — हे बाबांनीच शिकवलेलं. रोज रोज खरवडायचं नसतं, हे सांगायचं राहूनच गेलं. शाळेत जाताना एक ओरखडा, येताना एक...

काल मावशीने झुडूप बघून कपाळाला हात लावला. "अगं बये, सोलून काढलंस की त्याला! जगतंयस का, जगतंयस का, विचारून विचारूनच मारशील."

मावशी हसली. हिला हसू येईना. रोज सकाळी दप्तर पाठीला लावता लावता आपण विचारतो, आई, आज बरं वाटतंय ना? आणि भिंतीकडून येतं, "हो." झटपट, गुळगुळीत. आणि मी खुळी, तेवढ्यावर उड्या मारत जिना उतरते...

शेंड्याची एकच फांदी तिने राखून ठेवली होती. नखातला धागा तिचाच. तिने आणखी खोल खरवडलं — तपकिरी. आणखी — कोरडं, पार लाकडापर्यंत.

"काय गं," खिडकीतून आईचा आवाज आला, "हिरवं आहे ना?"

"हो."

झटपट, गुळगुळीत. आणि तो "हो" तिला ओळखीचा वाटला... रोजचाच, भिंतीकडून येणारा. आतून तो कसा असतो, ते आता तिला कळलं होतं. उद्या सकाळी दप्तर पाठीला लावताना आईला काय विचारायचं, ते मात्र काही केल्या सुचेना.