साखरेवरची बुरशी

"हात लावू नका, ती जेवतेय," असं त्याने म्हटलं की पाहुणे हसत. वाक्य साहेबांनी शिकवलेलं होतं आणि आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारताना थिनरची वाफ उठे. पंख्याने ती एका खोलीएवढ्या टाकीत ढकलायची, टाकीतल्या लाकडाच्या ढलप्यांवर वाढलेल्या पांढऱ्या बुरशीने ती खायची आणि पलीकडून स्वच्छ हवा सोडायची, अशी योजना. बुरशीला ओली ठेवायचं काम त्याचं. म्हणून कारखाना त्याला बुरशीमामा म्हणे. बायको त्याहून साधं काहीतरी म्हणे.

आजचे पाहुणे फोटो काढून गेल्यावर तो टाकीमागच्या मुंग्या झाडायला गेला. थिनरला लागणाऱ्या मुंग्या त्याने कधी ऐकल्या नव्हत्या. पण थिनर खाणारी बुरशी तरी कुठे ऐकली होती? त्यामुळे मुंग्याही त्याने प्रगतीतच धरल्या होत्या. आज मात्र रांग थेट झाकणाच्या आत जाताना दिसली. त्याने झाकण उचललं. आतून पाकाचा वास आला. ढलपीला बोट लावून चाटलं, तर गोड. मग त्याने हवा आत येते त्या तोंडाशी तळवा धरला. पंखा घरघरत होता, तळव्याला वारा नव्हता.

टाकीला हात लावणारा दुसरा माणूस एकच, फिटर. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, तेव्हापासून एकमेकांच्या डब्यात जेवणारे. याने जाऊन विचारलं, तर फिटरने आढेवेढे घेतले नाहीत. टाकीतून हवा ढकलताना पंखा दमायचा, वाफ खोलीतच साचायची, काम अडायचं. म्हणून साहेबांनी पाइप फिरवायला लावला. हवा आता सरळ मागच्या भिंतीबाहेर जात होती. उपाशी बुरशी पाहुण्यांसमोर मान टाकेल, म्हणून फिटर रोज सकाळी लवकर येऊन तिला साखरेचं पाणी पाजत होता.

"मला का नाही बोललास?"

"तुझी ताई राहते ना भिंतीमागे. उगाच तुझ्या जिवाला घोर नको."

हे फिटरने इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर याला आभार मानावेत की काय, असं झालं.

भिंतीमागच्या गल्लीने मागे कारखान्याविरुद्ध तक्रार केली होती. तेव्हा यानेच ताईला आणून टाकी दाखवली होती, आता वासाचं नाव राहणार नाही म्हणून शब्द दिला होता. मग ताईने घरोघर फिरून तक्रार मागे घ्यायला लावली. गल्ली ताईचं ऐकायची. ताई फक्त भावाचं.

सुटी झाल्यावर तो घरी न जाता तिच्याकडे गेला. ती भाजी निवडत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. साखर, पाइप, फिटर.

"तुला वास येत नव्हता?" शेवटी त्यानेच विचारलं.

"येत होता की. रोज येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास, गेला. मला वाटलं, माझं नाकच बिघडलं." तिने एक देठ मोडला. "समोरची पण म्हणत होती, येतो. तिला मी डॉक्टरकडे धाडलं, नाक दाखवायला."

त्याला हसू यायला हवं होतं. ताईने निवडलेली भाजी झाकून ठेवली, हात धुतले आणि चपला घातल्या.

"थांब, मी पण येतो. मी सांगतो त्यांना."

"तू बस," ती म्हणाली. "त्यांनी माझं ऐकलं होतं."

दारातून त्याला ती दिसत होती. समोरच्या घराची पायरी चढून ती धाप ओसरेपर्यंत भिंतीला हात टेकून उभी राहिली. मग केस सारखे केले आणि कडी वाजवली.