बारा दारं

माझी बायको व्हेलिका गेल्याचा कागद मी गुरुवारी सकाळी, इथल्या रीतीप्रमाणे, आमच्या फाटकावर चिकटवला. वर तिचा फोटो, खाली नाव आणि वय, अडुसष्ट. दुसरा बसथांब्यावर लावला, तिसरा दुकानाच्या दारावर. दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं, बारा जण सोडून. ते घराबाहेर पडत नाहीत. आणि व्हेलिकाचं काम त्या बारा जणांसाठीच होतं.

नगरपालिकेनं तिला घरपोच मदतीची संयोजिका नेमलं होतं. शहरातून जेवणाची गाडी येई, नर्स येई, महिन्यातून एकदा डॉक्टर येई. कुणाची गोळी जेवणाआधी, कुणाची नंतर, कुणाचं लाकूड संपलंय, कुणाच्या घरी मागच्या दारानं जायचं, हे सगळं तिच्या डोक्यात असे. वहीत फक्त फोन नंबर होते. मी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तिचा फोन वाजला.

"व्हेलिके, माझ्या पायाची पट्टी बदलायला आज नर्स येणार ना?" राइनाकाकू होत्या. सहा वर्षं अंथरुणावर.

"काकू, मी गेंचो. ती... ती इस्पितळात आहे."

माती देऊन एक दिवस झाला होता. तोंडातून निघालं ते निघालं.

"अगं बाई! मग तिला सांगू नकोस हं, मी फोन केला म्हणून. ठणकतंय ते ठणकू दे."

मी नर्सला फोन केला. मग गाडीवाल्याला. दुपारी डबे घेऊन मीच बारा दारं फिरलो. दारोदारी तेच विचारणं आणि तेच उत्तर. लोक तिच्यासाठी माझ्या हातात बरण्या देऊ लागले, जर्दाळूंचा पाक, आलुबुखाराचा मुरांबा. 'आजारी माणसाला गोड लागतं,' म्हणत. मी बरण्या घरी आणून ठेवत होतो. नर्सला बजावलं, "मीच सांगेन त्यांना." रोज ठरवायचो आणि रोज डबा देऊन परत यायचो.

मुलगी दियाना स्पेनहून फोन करायची. "बाबा, खोली तयार आहे. आईचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला की निघा. तिथं एकटे काय करणार?"

"येतो," म्हणायचो. मलाही जायचंच होतं. त्या घरात तिचा फोन वाजला की मी अजून तिलाच हाक मारायचो.

चौतिसाव्या दिवशी ग्रामकार्यालयातल्या नेवेनानं बोलावलं.

"गेंचोकाका, संयोजिका वारली की प्रत्येकाची नव्यानं संमती लागते. पहिल्या तारखेपर्यंत सह्या आल्या नाहीत तर जेवण बंद. मग शहरातल्या वृद्धाश्रमात हलवतात."

"नवीन कोण येणार?"

"कोण येतंय इथं? गावात साठीच्या आतले आम्ही चौघं. संमतीच्या कागदावर वर संयोजकाच्या नावाची जागा कोरी ठेवलीय. तुम्हीच लिहा ना तुमचं. माणूस मिळेपर्यंत."

"मिळणार कधी?"

तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

रविवारी मी कागद घेऊन निघालो. राइनाकाकूंना आधी सांगितलं.

"तरीच," म्हणाल्या. "महिनाभरात फोन करून एकदाही माझ्यावर खेकसली नाही. मला वाटलं, रुसली." मग हात पुढे केला. "आता तूच येणार ना? दे इकडे."

मी कागद पुढे केला. त्यांनी उशीवर कागद ठेवून सही केली. बाकीच्या दहा घरांतही थोडंफार तसंच झालं. कोणी रडलं, कोणी मला शिव्या घातल्या. कोरी जागा कोणीच बघितली नाही.

शेवटी स्तामोदादा. एका डोळ्यानं दिसत नाही, पण पूर्वी रेल्वेत तिकिटं तपासायचे.

"आलास? बायको अजून आराम करतेय वाटतं. मजा आहे बुवा!"

"दादा, ती गेली. महिना होऊन गेला."

ते पाव कापत होते. सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. पाव पूर्ण कापून झाल्यावर त्यांनी कागद मागितला आणि चांगल्या डोळ्याजवळ धरला.

"इथं नाव कुणाचं?"

"ठरायचंय."

"कोऱ्या कागदावर म्हाताऱ्यांच्या सह्या घेत फिरतोस? तिनं अशा घेतल्या असत्या?"

"दादा, सही नसेल तर उद्या, पहिल्या तारखेपासून तुमचं जेवण बंद होईल. उचलून नेतील."

"नेऊ देत. तू आधी नाव लिही. मग मी सही करतो." त्यांनी स्वतःचं पेन माझ्यासमोर ठेवलं. "दारात कोण येणार ते मला कळायला नको?"

मी पेन उचललं नाही. कागद घडी करून खिशात घातला.

उद्या सकाळी नऊला नेवेनाकडे कागद द्यायचा आहे. अकरा सह्या झाल्या आहेत. स्तामोदादांची राहिली आहे. वरचं नाव लिहायचं राहिलं आहे. दियानाला फोन करायचाही राहिला आहे.